तिसरी पायरी

नागपूरच्या हुडकेश्वरात जितेंद्र लांजेवार सरांच्या क्लासचं पोर नापास झालं, असं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. पोर हुशार असो, ढ असो, बापाच्या धाकाने येणारं असो की घरचा कूलर बिघडला म्हणून सरांच्या कूलरपुढे येऊन बसणारं असो, दहावीची नदी ते पार करायचंच. विज्ञान त्याला कळायचं का? छे! कळण्याच्या भानगडीत सर कधी पडलेच नाहीत. त्यांचं गणित सरळ होतं. पेपर काढणाराही माणूसच, त्यालाही कंटाळा असतो, तो दरवर्षी तेच तेच विचारतो. तेवढं पोराच्या तोंडी बसवलं की काम फत्ते. "समजलं का?" असं सर वर्गात कधी विचारत नसत. "आलं का?" असं विचारत. आणि पोरं एका सुरात "आऽलं" म्हणत.

आपण सगळे यालाच शिक्षण म्हणत आलो, तेव्हा एकट्या जितेंद्रला बोल लावून काय उपयोग? पण लावल्याशिवाय राहवत नाही, हेही तितकंच खरं.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते खापरखेड्याला. त्याचे वडील चंपतराव तिथल्या वीज केंद्रात राखेच्या विभागात हेल्पर होते. माणूस कष्टाळू, अंगाने दणकट, पण साहेबांपुढे उभं केलं की जिभेला कुलूप. बढतीची तोंडी परीक्षा यायची, चंपतराव इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि तोंड पाडून परत यायचे. बायको देवकीबाई काही विचारत नसत. ताट वाढत. जितेंद्र तेव्हा बारावीला होता. बापाचं ते पडलेलं तोंड त्याला सहन होईना. त्याने कॉलनीत फिरून आधी परीक्षा दिलेल्यांकडून सवाल गोळा केले, उत्तरं तयार केली आणि बापाच्या मागेच लागला. दाढी करताना, जेवताना, सायकलीत हवा भरताना. पोरगा विचारायचा, बाप घोकायचा. अर्ध्या उत्तरांचा अर्थ दोघांनाही लागत नव्हता. चंपतराव पास झाले. कॉलनीत पेढे वाटताना ते घरोघर एकच वाक्य बोलत होते, "मह्या पोरानं मले पास केलं."

त्या एका वाक्यावर जितेंद्रचा सगळा जन्म उभा राहिला, असं म्हटलं तरी चालेल. पुढे तो बी.एस्सी. झाला, शाळेत नोकरी मिळाली नाही, चंपतराव निवृत्त झाल्यावर हुडकेश्वरात घर बांधलं त्याच्या पुढच्या हॉलमध्ये त्याने क्लास काढला, लग्न झालं. पण आतून तो कायम तोच राहिला, बापाला पास करणारा पोरगा. माणूस वाईट नव्हता. घरच्यांसाठी धावपळ करायचा, कोणाचं दुखलंखुपलं तर सगळ्यात आधी उभा. फक्त त्याला ऐकता येत नव्हतं. प्रश्न विचारायचा आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत उत्तरही तोच द्यायचा. बायको मिनल म्हणायची, "ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे रिकाम्या जागा भरायच्या. शब्दसुद्धा तेच देतात." देवकीबाई तेवढंही म्हणत नसत. पोरगा शिकलेला, त्याला कळतं, या एका भरवशावर त्यांनी घराच्या सगळ्या चाव्या त्याच्या हाती दिल्या होत्या आणि त्यासोबत आपली मतंही.

आणि चंपतराव? ते वर्ग सुटला की हॉलमध्ये येऊन खुर्च्या सरळ करत. पालक आले की न विचारता सांगत, "मी याचा पयला ईद्यार्थी." पालक हसत. जितेंद्र वरवर लाजे आणि आतून फुले.

मे महिन्यातली गोष्ट. शनिवारची सकाळ होती, तरी ऊन असं की अंगणातली फरशी पायाला चटके देत होती. चंपतराव स्टुलावर चढून कूलरच्या ताट्यांमधला जुना वाळा काढून नवा भरत होते. एकाएकी त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ओरडले, "जितू! डोक्शात कोणं गोटा हाणला गा!" खाली कसेबसे उतरले आणि भडाभडा ओकले. नागपुरात मे महिन्यात माणूस ओकला की सगळे उन्हाला शिव्या घालतात, जितेंद्रनेही घातल्या. कांदा झाला, पन्हं झालं. पण दुखणं हटेना, मान हलेना, उजेड सहन होईना. मग मात्र त्याने शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि बापाला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे लगेच डोक्याचा फोटो काढला आणि जितेंद्रला आणि सोबत आलेल्या देवकीबाईंना आतल्या खोलीत बोलावणं आलं.

डॉक्टर मेघा नावाची एक तरुण बाई होती. डोळ्यांखाली काळं, आवाज मात्र शांत. तिने दोघांना समोर बसवून सांगितलं.

"मेंदूच्या भोवती रक्त उतरलं आहे. एका रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटला. सध्या रक्त थांबलं आहे, पण पुन्हा सुटू शकतं. त्याआधी तो फुगा बंद करावा लागेल. आमचे मोठे सर परगावी आहेत, सोमवारी सकाळी येतील. पहिला नंबर तुमच्या बाबांचा लावते."

"म्हणजे सोमवारी नक्की?" जितेंद्रने विचारलं.

"ऐका. अशा पेशंटची तब्येत किती गंभीर आहे हे ठरवायला आम्ही पाच पायऱ्या धरतो. पहिलीवर थोडंसं डोकं दुखतं, बाकी काही नाही. दुसरीवर डोकं भयंकर दुखतं, मान ताठ होते, पण माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, नीट बोलतो. तुमचे बाबा दुसरीवर आहेत. तिसरीवर गुंगी येते, बोलण्यात गोंधळ होतो. चौथीवर हाक मारली तरी धड ओ देत नाही, एक बाजू लुळी पडते. आणि पाचवी म्हणजे कोमा. सोमवारपर्यंत दुसरीवर राहिले तर ऑपरेशन नक्की. तिसरीवर गेले तर का गेले ते आधी बघावं लागेल, मग ठरवू. म्हणून आम्ही सारखे येऊन त्यांना तेच तेच विचारत राहू. आणि तुम्हाला त्यांच्यात जराही बदल दिसला, झोप वाढली, काही वेडंवाकडं बोलले, तर लगेच आम्हाला सांगायचं. कळलं?"

"कळलं," जितेंद्र म्हणाला.

काही कळलं नव्हतं. तिने इतकं सांगितलं, त्यातलं एकच वाक्य त्याच्या कानात शिरलं आणि आत जाऊन घट्ट बसलं, दुसरीवर राहिले तर ऑपरेशन नक्की. बाकीचं कानावर आदळून खाली पडलं. जन्मभर ज्याने कटऑफ पाहिले, त्याला इथेही कटऑफच दिसला. बाहेर आल्या आल्या त्याने आईला दंडाला धरून बाजूला घेतलं. "आई, आयकून घे. बाबाले दुसऱ्या पायरीवरच ठेवाचं आहे. तिसरीवर गेले का गेलं ऑपरेशन. कोणाले काही उलटसुलट सांगजो नको. मी पायतो." देवकीबाईंनी मान हलवली. पदराच्या टोकाशी त्या गाठ बांधत होत्या आणि सोडत होत्या.

वॉर्डात पेशंटजवळ एकालाच बसू देत. अर्थात तो एक म्हणजे जितेंद्र. दुपारी डॉक्टर मेघा आली, खाटेवर वाकली. "काका, तुमचं नाव काय? आता आपण कुठे आहोत? महिना कोणता? वार कोणता? हे कोण आहेत?" मग हात वर करायला लावले, बोटं दाबायला लावली, दात दाखवा म्हणाली. चंपतरावांनी डोळे किलकिले करून सगळं नीट सांगितलं. संध्याकाळी दुसरा डॉक्टर आला, अगदीच कोवळा. त्यानेही तेच विचारलं. नाव, जागा, महिना, वार, हे कोण. तोच क्रम, तेच शब्द. जितेंद्रच्या अंगावर काटा आला. पेपर फुटला होता!

डॉक्टर गेल्यावर तो स्टूल पुढे ओढून बसला. "बाबा, पाचच सवाल आहेत. दरवेळी तेच इचारतात. चुकू द्याचं नाही. चुकलं तं ऑपरेशन हुकते."

चंपतरावांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "घे इचारून," ते म्हणाले. मग ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसले. "त्या टायमासारखं?"

"हाव बाबा. त्या टायमासारखंच."

बापाने हात पुढे केला. जितेंद्रने तो दोन्ही हातांत धरला आणि त्याला रडू आलं. त्या घडीला त्याच्याइतका प्रेमळ मुलगा त्या दवाखान्यात दुसरा नसेल, हे मी मुद्दाम सांगतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला दगड मारायला धावाल.

रविवारी सकाळी तो आंघोळीला म्हणून घरी जाऊन आला. तेवढा वेळ देवकीबाई खाटेशी होत्या. तो आला तशा त्या उठल्या, काही बोलायला म्हणून थांबल्या. तो म्हणाला, "तू जाय, चहा घे, राउंड येईन आता, मले तयारी करू दे." त्या बाहेर गेल्या.

"बाबा. उठा. आपण कुठी आहो?"

चंपतरावांनी डोळे उघडायला वेळ लावला. "क्वार्टरवर," ते म्हणाले.

खापरखेड्याचं क्वार्टर सोडून जमाना लोटला होता. "नाही बाबा. नीट सांगा. वार कोणता?"

"पगाराचा आहे नं आज," असं म्हणून चंपतरावांनी पुन्हा डोळे मिटले.

दाराशी नर्स उभी होती. पलीकडच्या खाटेपाशी डॉक्टर मेघा दुसऱ्या कोणाला तपासत होती. हाक मारली असती तर पोचली असती, इतकी जवळ. वेडंवाकडं बोलले तर लगेच सांगा, असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. शहाण्याने काय, अडाण्यानेही हाक मारली असती. जितेंद्रने तिच्याकडे पाहिलं, राउंड किती लांब आहे याचा अंदाज घेतला आणि ओला रुमाल बापाच्या तोंडावरून फिरवला.

"बाबा, नागपूर. दवाखाना. म्हणा."

"नागपूर दवाखाना."

"महिना मे. वार रविवार."

"मे. रविवार."

"मी कोण?"

"जितू."

"शाब्बास. पुन्हा पयल्यापासून."

चंपतराव घोकत राहिले. झोपेत बुडत होते, पोरगा खांदा हलवला की वर येत होते, सांगितलं ते म्हणत होते, पुन्हा बुडत होते. बापाची ही जुनी सवय. अर्थ लागो न लागो, जितू सांगतो ना, मग म्हणायचं.

डॉक्टर मेघा आली. "नाव काय काका?"

"चंपतराव."

"आपण कुठे आहोत?"

चंपतरावांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. मागे जितेंद्र उभा होता, त्याचे ओठ न बोलता हलले. "नागपूर," चंपतराव म्हणाले, "दवाखाना." मग महिना आला, वार आला, जितू आला. हात वर गेले, जरा सावकाश, पण गेले. तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि वळून विचारलं, "झोप जास्त वाटते का यांना?"

"नाही मॅडम. आत्ता तर माझ्याशी गप्पा मारत होते. मशीनच्या आवाजाने झोप झाली नाही, बस."

तिने कागदावर पायरीचा आकडा लिहिला, दोन. जितेंद्रने मान लांब करून ते पाहिलं आणि त्याला आनंद झाला. निकालाच्या दिवशी व्हायचा तसाच, छाती भरून. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जास्त चीड कशाची येत असेल तर त्या आनंदाची.

दुपारी चंपतरावांना उठवायला रुमाल पुरेना. जितेंद्रने त्यांच्या कानाची पाळी दाबली, तळपाय चोळले, थंड पाण्याचे शिपके मारले. शेजारच्या पेशंटची बाई बघत होती, तिला त्याने सांगितलं की उन्हाचा त्रास होतोय. कालचाच कोवळा डॉक्टर आला. त्याने "काका, नाव?" एवढंच म्हटलं आणि चंपतराव डोळे न उघडता एका दमात म्हणाले, "चंपतराव, नागपूर दवाखाना, मे, रविवार, जितू."

डॉक्टर हसला. "वा काका, पाठच करून टाकलं!"

आणि पुढच्या खाटेकडे गेला. त्याच्या पुढे भरलेला वॉर्ड होता, रविवार होता, आणि उत्तरं तर सगळी बरोबर होती. बरोबर उत्तर आलं की पुढे सरकायचं, हे त्यालाही कुठल्यातरी सरांनीच शिकवलं असणार.

ऊन उतरायच्या सुमाराला डॉक्टर मेघा पुन्हा आली. या वेळी तयारीला सवडच मिळाली नव्हती. तिने हाक मारली, चंपतराव हलले नाहीत. छातीवर मुठीने दाबलं, तरी डोळे उघडले नाहीत. पापणी वर करून बॅटरी मारली आणि तिचा चेहरा बदलला. मग धावपळ झाली, खाट ढकलत नेली, पुन्हा फोटो काढला, डोक्यात नळी घातली. जितेंद्र मागे मागे पळत होता आणि जो दिसेल त्याला सांगत होता, "दुपारपर्यंत सगळं बरोबर होतं हो, सगळी उत्तरं बरोबर होती."

सगळं झाल्यावर डॉक्टर मेघाने त्याला पहिल्या दिवशीच्याच खोलीत बोलावलं. देवकीबाई बाहेर बाकावर होत्या, तो एकटाच आत गेला.

"सकाळपासून असे होते का?"

"नाही मॅडम, सकाळी तर तुम्हीच विचारलं, त्यांनी सगळं..."

"मी काय विचारलं ते मला माहीत आहे. मी तुम्हाला विचारते आहे."

मग त्याने सांगितलं. क्वार्टर सांगितलं, पगार सांगितला, रुमाल आणि घोकंपट्टी सांगितली. सांगताना त्याला अजूनही वाटत होतं की हे ऐकून ती म्हणेल, अहो, तुम्ही किती केलंत वडिलांसाठी!

तिने पेन टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "तिसरी पायरी म्हणजे नापास नव्हतं हो. रक्तामुळे डोक्यातलं पाणी अडलं होतं, ते साचत चाललं होतं. म्हणून ते बहकत होते. सकाळी कळलं असतं तर तेव्हाच नळी टाकून पाणी काढलं असतं. बरेच पेशंट त्याने पुन्हा शुद्धीवर येतात. पुन्हा दुसरीवर येतात."

"मग आता काढलं ना पाणी?"

"आता काढलं. आता ते पाचवीवर आहेत." ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, "मीही तुम्हाला बाहेर पाठवून काहीतरी वेगळं विचारायला हवं होतं." एवढं बोलून ती निघून गेली. तिला शिव्या घालाव्यात असं जितेंद्रला फार वाटलं, पण तिने ती सोय त्याला ठेवली नाही.

सोमवारी मोठे सर आले. चंपतरावांचा पहिला नंबर दुसऱ्या कोणा बाईला मिळाला. तिचे नातलग खाटेसोबत चालत होते, तिच्या कपाळाला अंगारा लावत होते, आणि जितेंद्र भिंतीला टेकून बघत होता. त्या बाईचं भलं व्हावं असं त्याला वाटलं नाही. माणसाला असं वाटतं, आपण कबूल करत नाही इतकंच. मंगळवारी चंपतराव गेले.

हुडकेश्वरातलं घर माणसांनी भरलं. खापरखेड्याच्या कॉलनीतली जुनी मंडळी आली, क्लासची पोरं आली, पालक आले. जो तो जितेंद्रच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "सर, तुम्ही काही कमी नाही केलं." एक पालक तर म्हणाला की असा मुलगा मिळायला नशीब लागतं. जितेंद्रला ते हात निखाऱ्यासारखे लागत होते. आणि त्यावर देवकीबाई. एरवी चार शब्द न बोलणारी ती बाई येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती, "शेवटपर्यंत डॉक्टरले टकाटक उत्तरं देल्ले त्यायनं. एक चुकलं नाही. जितूनं लय मेहनत घेतली." ऐकणारे डोळे पुसत. जितेंद्र उठून मोरीत जाई आणि नळ सोडून उभा राही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. एका सकाळी मिनल बाजारात गेली होती, हॉलमधल्या खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या होत्या. देवकीबाई दाराच्या उजेडात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. जितेंद्र त्यांच्यापुढे जमिनीवर बसला. डॉक्टरशिवाय कोणालाच त्याने हे सांगितलं नव्हतं, मिनललाही नाही. आता आतल्या आत सडत चाललं होतं. आई शिव्या देईल, थोबाडीत मारेल, निदान रडेल तरी. काहीतरी होईल.

"आई, तू लोकायले सांगत जाऊ नको तसं. रविवारचे उत्तरं बाबाचे नव्हते. मी पढवले होते. ते सकाळीच बहकले होते. मले क्वार्टरवर आहो म्हणे. मी डॉक्टरले सांगतलं नाही."

देवकीबाईंचा हात थांबला नाही. "मले मालूम आहे," त्या म्हणाल्या.

"तुले कोणं सांगतलं?"

"कोण सांगन गा? तू आंघोळीले गेल्ता तवा मीच होती त्यायच्यापाशी." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "मी पाणी पाजाले गेली तं मले म्हणे, बाई, तुमी कोण? कोणाले भेटाले आल्या? म्या म्हटलं, अहो, मी आहो. तं हात जोडून म्हणे, माही बायको येईन आता, तिले जागा द्या बसाले."

जितेंद्रला संताप आला. कोणावर तरी काढायला मिळाला होता अखेर. "मंग बोलली काहून नाही तू? मले नाही तं त्या डॉक्टरीनले सांगतं! समोर होती ती! तोंडाले कुलूप लावून बसली?"

"तूनंच तं सांगतलं होतं," देवकीबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, असती तर बरं झालं असतं. "दुसऱ्या पायरीवरच ठेवाचं आहे, कोणाले काही उलटसुलट सांगू नको. म्या म्हटलं, मी बोलली अन् त्यायचं ऑपरेशन हुकलं तं? मले काय समजते गा त्यातलं? तुले समजते. मी गुमान बाहेर जाऊन बसली. मनात देवाचं नाव घेत होती, का तुह्यासमोर तरी बराबर बोलू दे त्यायले."

जितेंद्रचा संताप जसा आला तसा विरून गेला. त्याच्या खाली काहीच उरलं नाही. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत होता.

देवकीबाईंनी पहिल्यांदाच हात थांबवला. सूप मांडीवरून खाली ठेवलं. इतके दिवस त्या काय घेऊन बसल्या होत्या, लोकांना टकाटक उत्तरांचं का सांगत होत्या, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आईला इतकं घाबरलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"जितू," त्यांनी विचारलं, "मी तवा सांगतलं असतं तं वाचले असते काय रे ते?"

बरेच पेशंट त्याने पुन्हा शुद्धीवर येतात. पुन्हा दुसरीवर येतात. डॉक्टर मेघाचं ते बोलणं त्याला शब्दन्शब्द पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"नाही आई," तो म्हणाला. "काहीच फरक पडला नसता. डॉक्टरनंच सांगतलं मले."

देवकीबाईंनी एक लांब श्वास सोडला आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. त्यांना ते खरं वाटलं. जितू सांगतो ते त्या घरात नेहमी खरंच मानत आले होते.